आई नावाची फाइल

माझ्या फोनमध्ये सहा वर्षं एक फाइल पडून होती. नाव 'आई', पुढे टिंब आणि टिंबापुढे आयएसओ. तिला चित्र नाही, रंग नाही, नुसता कोपरा दुमडलेला कोरा कागद. बोट लावलं की फोन म्हणायचा, ही फाइल उघडता येत नाही. आणि जागा भरत आली की तोच फोन मला शहाणपण शिकवायचा: या फाइलनं फार जागा अडवली आहे, काढून टाकू का? मधल्या काळात दोन फोन बदलले. जुन्यातलं सगळं नव्यात ओतताना ही बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखी मुकाट मागून यायची आणि तेवढीच जागा अडवून बसायची.

काढून टाकू का म्हटलं की मी फोनलाच विचारायचे, "तुझ्या बापाचं काय जातं?" आणि 'नको' दाबायचे. आत काय असेल याचा अंदाज होता. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. 'आई' या शब्दाशेजारचं 'काढून टाका' हे बटण माझ्याच्यानं दाबवत नव्हतं, बस्स.

आम्ही बाइंडर. बाबा आणि मी. खाली कामाची खोली, वर राहायच्या दोन, आणि खळीचा वास जिन्यानं वर चढून उशीच्या अभ्र्यात जाऊन बसलेला. बाबांचा स्वभाव सांगायचा तर त्यांचंच एक वाक्य पुरेसं आहे: "सुटं ते गेलं." सुटा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. विजेची बिलं बांधलेली, यंत्रांची माहितीपत्रकं बांधलेली, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा चामड्याचे कोपरे लावून बांधलेली. त्यातले मार्क पाहता एवढा थाट शोभत नव्हता, पण आतला मजकूर वाचून बाबांनी कधी बांधणी ठरवली नाही.

आई घड्या घालायची. छापून आलेल्या मोठ्या कागदाची एक घडी, दुसरी, तिसरी, वरून हाडाची पट्टी फिरवली की फर्मा तयार. हात चालू आणि तोंडही चालू. शेवटच्या वर्षी ती जिना चढताना मध्येच थांबायला लागली. विचारलं तर म्हणायची, "पायऱ्या मोजतेय, एखादी कमी झाली असली तर?" शेवटी ओढत नेऊन तपासण्या केल्या. छातीवरून यंत्र फिरवून हृदयाची हलती चित्रं काढतात, तीही झाली. कागदावर एकच ओळ आली, हृदयाची भिंत थोडी जाड आहे, रक्तदाबामुळे असावी. सोबत एका पाकिटात सीडी.

मामाचा मुलगा तेव्हा आमच्याकडे आलेला होता. तो दूरच्या शहरात एका कचेरीतले संगणक सांभाळतो. घराला आग लागली तरी हा आधी चप्पल शोधेल, म्हणून त्याचं नाव आम्ही 'सावकाश' ठेवलंय. त्यानं ती सीडी आपल्या लॅपटॉपात घातली, म्हणाला, आत्याची चित्रं माझ्या ओळखीच्या डॉक्टरना दाखवतो, आणि एक नक्कल माझ्या फोनवर टाकली. "उघडू नकोस, नुसती असू दे," म्हणाला. त्याचे डॉक्टर परगावाहून परत यायच्या आत, एका दुपारी, आईनं एक फर्मा घडी घालून थप्पीवर ठेवला आणि त्याच्यावर डोकं टेकलं. आम्हाला वाटलं, डुलकी लागली.

झटका आला, असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच म्हणत राहिलो.

मग बाबांनी आपल्याला येतं ते केलं. आईचे सगळे वैद्यकीय कागद तारखेवार लावले, हृदयाच्या आलेखाच्या लांब पट्ट्या नीट घड्या घालून मध्ये घेतल्या आणि गडद निळ्या कापडात त्याचा एक खंड बांधला. कण्यावर नाव नाही, नुसती एक सोनेरी रेघ. तसं काम बाबांनी कुणा गिऱ्हाइकासाठीही केलं नसेल. तो खंड कपाटात गेला आणि आमच्यापैकी कुणाला तो उघडायची छाती झाली नाही.

आता माझी धाकटी बहीण. ती पोहायला शिकवते, आणि चालायच्या आधी ती पोहायला लागली असावी असा आमचा संशय आहे, म्हणून ती मासोळी. लहानपणी तिला तलावावर न्यायचं काम आईचं. आईला स्वतःला पाण्याची इतकी भीती, की बादलीतसुद्धा ती जपून हात घालायची. ती काठावर टॉवेल घेऊन उभी राहायची आणि दर थोड्या वेळानं ओरडायची, "पुरे आता, बाहेर ये!" मासोळी ऐकू आलं नाही असं दाखवून पाण्याखाली जायची. आई ओरडून ओरडून थकायची, पण टॉवेल खाली ठेवायची नाही.

तीच मासोळी महिन्यापूर्वी शिकवता शिकवता तलावाच्या काठावर कोसळली. पाण्यात नाही, काठावर, एवढं नशीब. भान लगेच आलं आणि आल्याबरोबर म्हणाली, "काही नाही, जेवले नव्हते." मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. तिचं 'काही नाही' मी चांगलं ओळखते. उचलली आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मासोळीच्या हृदयाची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "भिंत जाड आहे. पण वर्षानुवर्षं पोहणाऱ्या माणसाची भिंत जाड होतेच, तो व्यायाम असतो. किंवा मग हा घराण्यातून येणारा आजार असतो. हिची भिंत नेमकी दोन्हींच्या मधल्या पट्टीत आहे."

"मग आता?" मी विचारलं.

"व्यायाम असेल तर थोडे महिने विश्रांती, मग खुशाल पाण्यात. आजार असेल तर पोहणं बंद, आणि छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. नाहीतर एखाद दिवशी हृदय अचानक ताल सोडतं, आणि ती वेळ सांगून येत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आई कशानं गेल्या?"

आम्ही तो निळा खंड आणायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "कागदावरच्या त्या एका ओळीवर मी हिचं आयुष्य ठरवणार नाही. मला चित्रं हवीत, हलती. माझ्या डोळ्यांनी बघायचीत." आईची तपासणी जिथं झाली तिथं विचारलं तर यंत्र बदललेलं, जुनं सगळं पुसलेलं. राहता राहिली ती त्या खंडातली सीडी. आणि मासोळीनं घरी येऊन मला बजावलं होतं, "हे बघ ताई, सापडलं तर सापडलं. नाही सापडलं तर सोमवारपासून मी पाण्यात. 'असेल' आणि 'नसेल'वर मी काठावर बसून राहणार नाही." तिला जे एकदा वाटलं ते ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही. मला नुसती धडकी भरली.

तर त्या शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो आणि बाबांनी तो खंड दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी कापडावरून हात फिरवला. "सुंदर बांधलंय," त्या म्हणाल्या. बाबांची मान जराशी ताठ झाली. मग पानं उलटत त्या शेवटाकडे आल्या आणि थांबल्या.

सीडीचं पाकीटही बाबांनी पान म्हणून घेतलं होतं. सुटं ते गेलं! सगळ्या गठ्ठ्यातून कडेनं दाभण घालून टाके मारलेले, आणि ते दाभण पाकिटासकट सीडीतून आरपार गेलेलं. तीन भोकं. मधल्या भोकापासून एक तडा थेट मध्यापर्यंत पोहोचलेला.

डॉक्टरांनी त्या तड्यावर बोट टेकवलं. मग बाबाच म्हणाले, अगदी हळू, "तेव्हा जरा कडक लागलं होतं. मला वाटलं पुठ्ठा आहे. म्हणून हातोडी जोरात मारली."

मी एरवी एवढ्यातेवढ्यावरून भडकणारी. पण त्यांचा चेहरा बघून मी भडकले नाही. आपल्याला जगात जे सगळ्यात चांगलं येतं, तेच करून त्यांनी ती सीडी मारली होती. एवढं प्रेमानं केलेलं काम डोळ्यांदेखत असं उलटावं, यात रागावणार तरी कुणावर?

आणि तेव्हा मला फोन आठवला.

"माझ्याकडे त्याची नक्कल आहे," मी म्हटलं. "पण ती उघडत नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "बाहेरची फाइल इथल्या संगणकावर घ्यायला मनाई आहे. पण तुमच्या फोनवर उघडली तर फोनवर बघीन, मला चित्र कुठं दिसतं याच्याशी देणंघेणं नाही. पेशंट संपेपर्यंत इथंच आहे. त्यानंतर पंधरा दिवस मी गावात नाही."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. एका बाजूला मासोळी, दुसऱ्या बाजूला मांडीवर खंड घेतलेले बाबा. मी आधी स्वतःचं डोकं चालवलं. फाइलच्या नावातलं शेवटचं आयएसओ खोडून तिथं व्हिडिओचं नाव लावलं. फोननं एक काळा पडदा दाखवला आणि मग तोंड फिरवलं. मग सावकाशला फोन लावला. नेहमीप्रमाणे पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलून म्हणाला, "बोल, जेवतोय."

मी सगळं एका दमात सांगितलं. मासोळी, भिंत, दाभण. पलीकडून ताट सरकवल्याचा आवाज आला. "माझा तो लॅपटॉप केव्हाच मोडीत गेला, तुझ्याकडचीच नक्कल उरलीय."

"नाव बदलून बघितलंस?" त्यानं विचारलं.

"हो. व्हिडिओ केला तिचा."

"गाढवाला घोडा म्हटलं म्हणून ते शर्यत जिंकतं का, ताई? पहिलं नाव परत लाव आधी." मी लावलं. "आता ऐक. तू तिला फाइल म्हणतेस ना, ती फाइल नाहीच. ती डिस्क आहे. सीडीवर जे होतं, जसं होतं, ज्या जागी होतं, ते सगळं मी उचललं होतं. नुसती चित्रं नाहीत. त्यांचे कप्पे, त्यांची अनुक्रमणिका, मधली रिकामी जागासुद्धा. सीडीचं प्लास्टिक तेवढं त्यात नाही."

"म्हणजे पानांच्या झेरॉक्स नव्हेत," मी म्हटलं. "अख्खा ग्रंथ. शिवणीसकट, कोऱ्या पानांसकट."

"पुठ्ठ्यासकट," तो म्हणाला. "म्हणून फोन गोंधळतो. तो एकेक पान बघायला शिकलाय, त्याच्यापुढे कुणी पूर्ण ग्रंथ मिटून ठेवला की त्याला कळत नाही धरायचं कुठून."

मी बाबांच्या मांडीकडे पाहिलं. तिथं ती सीडी होती, भोकं पडलेली, तडकलेली. आणि तीच सीडी, एकही ओरखडा नसलेली, माझ्या तळहातावर होती. सहा वर्षं माझ्या पिशवीत, उशाशी, कामाच्या टेबलावर खळीच्या डब्याशेजारी. मी तिच्यावरून हजारदा बोट फिरवलं होतं. जगात असं काही करता येतं आणि मी ते इतकी वर्षं फोनच्या नावानं बोटं मोडत वागवत होते!

"झिप उघडायचं अ‍ॅप असतं ना," सावकाश सांगत होता, "त्यातली काही आयएसओ पण उघडतात. तसलं एक घे. फुकटातलं घे, पण जाहिरातीवर बोट लावू नकोस."

अर्थात मी पहिलं बोट जाहिरातीवरच लावलं. पडदा लालभडक झाला आणि फोन बोंबलला की त्याला विषाणूंची लागण झाली आहे, ताबडतोब उपचार करा.

"मग योग्य ठिकाणीच आणलंय त्याला," मासोळी म्हणाली. त्याही अवस्थेत मला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. ते त्या तड्यावरून अंगठा फिरवत होते.

दुसरं अ‍ॅप शहाणं निघालं. मी त्यातून 'आई'वर बोट ठेवलं, आणि ती उघडली.

हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. झालं एवढंच की कोऱ्या कागदाच्या जागी चार ओळी आल्या. कप्प्यांची नावं. पण प्रत्येक ओळीखाली तारीख होती, आणि वेळ. सकाळची, साडेअकराच्या सुमाराची. ती तारीख मला पाठ होती, कारण त्या सकाळी मी बाहेर थांबले होते आणि आई आतून घामेजून हसत आली होती, "गार गार काहीतरी फासलं गं छातीला," म्हणत. ती आतमध्ये जिवंत पडलेली असताना यंत्रानं या ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर जगातलं सगळं हललं होतं. या ओळी हलल्या नव्हत्या. सहा वर्षं दाराला कडी होती, एवढंच.

"काय दिसतंय?" सावकाश म्हणाला.

"तुझ्या आत्याची सकाळ," मी म्हटलं.

आत एक प्रोग्राम होता, चित्रं दाखवणारा, पण तो मोठ्या संगणकाचा. फोनवर तो हूं की चूं करेना. सावकाश म्हणाला, त्याला झोपू दे, चित्रांचा कप्पा बघ. त्या कप्प्यात नुसते आकडे होते, एकाखाली एक, टिंबापुढचं शेपूट नसलेले. "हीच चित्रं. दवाखान्याच्या यंत्रांची भाषा आहे ही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं. पण त्याआधी हा कप्पा डिस्कमधून बाहेर काढून फोनवर ठेव."

मी काढायला गेले आणि फोननं आपलं पालुपद लावलं. जागा शिल्लक नाही. 'आई' नावाच्या फाइलनं फार जागा अडवली आहे, काढून टाकू का?

"काढून टाकतोय!" मी किंचाळले. समोरून जाणारा एक पेशंट दचकला. "म्हणजे, नाही काढलं. विचारतोय मेला."

"फोटो उडव," सावकाश म्हणाला. मी बांधलेल्या पुस्तकांचे फोटो उडवले. कोपरे, कणे, अस्तरं, झाडून सगळे. पुरेना. मग राहिले व्हिडिओ. ते सगळे मासोळीचे. तिचा हात पाण्यात कसा शिरतो, वळताना पाय भिंतीला कसे लागतात, हे तिला नंतर बघता यावं म्हणून मी काठावरून घेतलेले. किती वर्षांचे, कोण जाणे. माझं बोट तिथंच घोटाळलं.

मासोळीनं माझ्या हातातून फोन घेतला. "दे इकडे. तुला जमायचं नाही." तिनं सगळे निवडले आणि पुसले. एकही उघडून बघितला नाही. मग फोन परत माझ्या हातात दिला आणि नाक ओढून म्हणाली, "काढ आता आईला."

कप्पा बाहेर आला. चित्रांचं अ‍ॅप उतरलं. मी त्याला कप्पा दाखवला आणि त्यानं आकड्यांच्या जागी छोट्या छोट्या काळ्या चौकटी मांडल्या. त्यातल्या पहिलीवर मी बोट ठेवलं.

काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात आईचं पूर्ण नाव, वय. मधोमध पंख्यासारखा उघडलेला करडा आकार. आणि त्या आकारात, माझ्या हातात, माझ्या आईचं हृदय चालू झालं.

मला वाटलं होतं डाग दिसतील, धुकं दिसेल, डॉक्टरांना कळेल आणि आपल्याला नाही. पण ते न कळण्यासारखं नव्हतंच. चार खोल्या होत्या. खोल्यांच्या मधे पातळ दारं होती, ती एकदम उघडत होती आणि एकदम मिटत होती. भिंती आत येत होत्या, बाहेर जात होत्या. खाली एक हिरवी रेघ उड्या मारत पुढे सरकत होती. आवाज मुळीच नव्हता. तीन ठोके झाले की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, आणि पुन्हा तीन ठोके.

मी तिच्याकडे आयुष्यभर पाहिलं होतं. तिचे हात, तिच्या बोटांना कागदानं पडलेले काप, तिचं तोंड. ज्याच्या जोरावर ते सगळं चाललं होतं, ते मी आज पहिल्यांदा बघत होते, ती नसताना. मी मोठ्यानं "बाई गं" म्हणाले, दुसरं काही सुचलं नाही.

"कुणाचं आहे हे?" बाबांनी विचारलं.

"आईचं."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि फोनवर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग म्हणाले, "घड्या घालतेय."

खरंच तसंच होतं. आत, बाहेर, आत. कागदावर पट्टी फिरवताना तिचा जो ठेका असायचा, तोच. बाबांनी एक बोट पुढे केलं आणि पडद्याला लागायच्या आत मागे घेतलं, काही बिघडेल म्हणून. "आता मी हात लावत नाही," ते म्हणाले.

शेवटचा पेशंट बाहेर पडला तसे आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी फोन घेतला, पडदा उजेडापासून आडोशाला धरला. एक चौकट पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीशी त्या थांबल्या, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि मग त्याही काही वेळ नुसत्या बघत राहिल्या. "इतकं स्वच्छ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, काही हाती लागणार नाही."

मग त्यांनी फोन टेबलावर आमच्याकडे वळवला. "ही मधली भिंत बघा. सगळीकडून सारखी जाड नाही, हा एवढा भागच फुगलाय. रक्तदाबानं असं सहसा होत नाही. आणि ही झडप, हे दार. दर ठोक्याला ते मिटता मिटता भिंतीकडे ओढलं जातंय आणि रक्ताची वाट अडवतंय. दिसलं? पुन्हा येईल. हे बघा."

दिसलं. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं. जिन्यावर ती का थांबायची, ते माझ्या डोळ्यांसमोर दर ठोक्याला घडत होतं.

"यांना जन्मापासून होतं हे," डॉक्टर म्हणाल्या. "घराण्यातलंच. रक्ताची तपासणी करून पक्कं करू, पण मला आता शंका नाही." मग त्या मासोळीकडे वळल्या. "आईला हे असताना तुझी भिंत मधल्या पट्टीत आहे असं मी म्हणणार नाही. तुझा तो व्यायाम नाही, बाळा." आणि माझ्याकडे बघून, "तुमचीही चित्रं काढायची आहेत. आजच."

माझं काय व्हायचं ते होवो, मी मासोळीकडे बघत होते. ती टेबलाच्या कडेला धरून बसली होती, तलावाची कड धरतात तशी.

"यंत्र बसवलं की जगते ना ही?" बाबांनी विचारलं. सरळ, मध्ये काही न घालता.

"चांगली जगेल. म्हातारी होईल. काठावरून शिकवेल, ओरडेल, सगळं करेल. शर्यतीसारखं पोहणं मात्र संपलं." डॉक्टरांनी फोनकडे बोट केलं. "हे पाहिलं नसतं तर मी तिला विश्रांती सांगितली असती. आणि तिनं ऐकलं नसतं, असं दिसतंय."

"सोमवारी उतरणार होती," मी म्हटलं.

फोन टेबलावर तसाच चालू होता. तीन ठोके, आणि पुन्हा तीन. तो बंद करायला कुणाचा हात पुढे होईना. आई गेली तेव्हाही मला इतकं आश्चर्य वाटलं नव्हतं जितकं त्या क्षणी वाटलं. सहा वर्षांपूर्वीच्या एका सकाळचे हे ठोके कुठून कुठून आले होते, लॅपटॉपातून, दोन फोन ओलांडून, 'काढून टाका'च्या बटणाशेजारून, आणि सोमवारच्या आत पोहोचले होते.

मासोळीनं फोन स्वतःकडे ओढून घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पडद्यावरचं ते दार मिटत होतं, उघडत होतं. ती खूप वेळ ऐकत असल्यासारखी बघत राहिली, आवाज तर काहीच नव्हता.

मग ती फोनवर वाकून, लहानपणी कधीही दिलं नव्हतं ते उत्तर देऊन मोकळी झाली.

"ऐकलं गं," ती म्हणाली. "आले बाहेर."

बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि टॉवेलासारखा तिच्या खांद्यावर घातला.